दीड तिकिटात कोकण किनारा : दापोली ते मालवण एसटीने (सल्ला हवाय)

खिडकीची_जागा :
नमस्कार मंडळी. मी आणि नवरा, दोघंच, जानेवारीत दापोलीपासून मालवणपर्यंत किनारा धरून जायचं म्हणतोय. आमच्याकडे गाडी नाही, दोघांपैकी कुणाला चालवता येत नाही, आणि भाड्याच्या गाडीची चौकशी केली तर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, रिकामी परत यायचे पैसे असं सगळं धरून जो आकडा आला तो ऐकून नवऱ्याने फोन ठेवताना 'बरं बरं, कळवतो' म्हटलं, तेव्हाच कळलं की एसटी. तर प्रश्न असे. एका गावातून पुढच्या गावात थेट गाड्या मिळतात का की प्रत्येक वेळी उलटं तालुक्याला यावं लागतं? ते 'आवडेल तेथे प्रवास'वालं, ठरावीक दिवस एसटीने कुठेही फिरायचं पास घ्यावं का? राहायला घरगुती ठिकाणं फोन न करता मिळतात का? आणि बायकांनी विचारायचा नेहमीचा प्रश्न, वाटेत बाथरूमचं काय? रोजचा खर्च दोघांत राहणं-खाणं धरून दोन हजाराच्या आत बसवायचाय. हॉटेलात स्विमिंग पूल नकोय, समोर समुद्र आहे की.

घाटावरचा_पाव्हणा :
हौसेला मोल नाही पण एसटीने कोकण किनारा म्हणजे अर्धी सुट्टी फलाटावर जाणार. दोन दिवस वाचवून सेल्फ ड्राइव्ह घ्या, हव्या त्या बीचवर थांबता येतं. आम्ही चौघे गेलो होतो, माणशी काहीच पडलं नाही.

मांदेली :
पाव्हणं, चौघांत माणशी कमी पडलं यात नवल काय. ते दोघं आहेत आणि चालवता येत नाही हे दुसऱ्याच वाक्यात लिहिलंय. धागा वाचून प्रतिसाद द्यायची प्रथा पुन्हा सुरू करूया का?

निवृत्त_वाहक :
ताई, मी रत्नागिरी विभागात कंडक्टर होतो, आता घरी असतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट नकाशा बघून ठरवू नका. नकाशात दाभोळ आणि गुहागर शेजारी दिसतात पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. गुहागर आणि जयगडच्या मध्ये शास्त्रीची खाडी. आपला किनारा सगळा असा खाड्यांनी चिरलेला आहे आणि आमच्या गाड्या किनाऱ्याने धावत नाहीत, त्या तालुक्याहून समुद्राकडे जातात आणि परत तालुक्याला येतात. दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, हे तुमचे खुंटे. गावातल्या माणसाला शेजारच्या बंदरावर काही काम नसतं हो, त्याचं काम तहसीलला, दवाखान्यात, बाजारात, शाळेत. गाडी त्याच्यासाठी आहे, पर्यटकासाठी नाही. एवढं एकदा डोक्यात बसलं की वेळापत्रक आपोआप कळायला लागतं.

म्हणजे असं बघा. सकाळी लवकर गावातून तालुक्याला गाडी असणारच, कारण ती वस्तीची गाडी असते, रात्री मुक्कामाला गावात आलेली, पहाटे साडेपाच-सहाला निघते. मग शाळेच्या वेळेला एक. दुपारी बारा ते तीन शुकशुकाट. संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक आणि मग मुक्कामाची. त्यामुळे तुम्ही दुपारी दोनला एखाद्या बंदरावर उभ्या राहून 'गाडीच नाही' म्हणाल तर ती चूक गाडीची नाही. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत यातल्या काही फेऱ्या बंद असतात, म्हणून मोठा टप्पा रविवारी ठेवू नका. गणपतीत आणि शिमग्याला तर नावच काढू नका, तेव्हा मुंबईच्या जादा गाड्यांपुढे गावच्या फेऱ्यांचे हाल असतात.

भाड्याचं. जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्याला साधारण दहा रुपये. किलोमीटरला पावणेदोन रुपये धरा. दापोली-दाभोळ अठ्ठावीस किलोमीटर म्हणजे पाच टप्पे, पन्नास रुपये. तुमचं अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना सगळ्या प्रकारच्या एसटीत ५० टक्के. आता दापोली ते मालवण तुम्ही वेडीवाकडी फिरून साडेतीनशे किलोमीटर केलेत तरी तुमच्या यजमानांचे सहाशे आणि तुमचे तीनशे. सात दिवसांचा पास एका माणसाला दोन हजाराच्या वर जातो. मग पास कशाला? पास त्याला परवडतो जो रोज लांबची गाडी पकडतो, आज रत्नागिरी उद्या तुळजापूर परवा शेगाव. तुम्ही दिवसाला पन्नास किलोमीटर जाणार.

खिडकीची_जागा :
काका, इतकं कुणीच सांगितलं नव्हतं, अगदी मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणतो म्हणजे आपण दोघं मिळून दीड माणूस. मी म्हटलं अर्धं कोण ते भाडं ठरवत नाही.

सदा_उशीर :
लहानपणी 'एक फुल्ल एक हाफ' म्हणजे आई आणि मी. आता बायको हाफ मागते आणि मी फुल्ल देतो, जगात न्याय राहिला नाही :)

सुपारीची_बाग :
मी गुहागरची, माहेर वरच्या पाटातलं. खिडकीची_जागा ताई, आमच्या गावाला दोन रात्री द्या, एक देऊन पळू नका. स्टँडवर उतरलात की पाठच्या बाजूला चालत पाच मिनिटांत समुद्र, एवढा जवळ समुद्र असलेला दुसरा स्टँड मी तरी बघितला नाही. गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, एका अंगाला खालचा पाट दुसऱ्या अंगाला वरचा पाट, मध्ये व्याडेश्वर. राहायची सोय त्या रस्त्यावरच घराघरात आहे, नारळ-सुपारीच्या वाडीत एक खोली, अंगणात झोपाळा. आडवारी हजार-बाराशेत दोघांची सोय होते, शनिवार-रविवारी तेच लोक दोन हजार सांगतात आणि मिळतातही त्यांना. आधी फोन करा पण आगाऊ सगळे पैसे पाठवू नका.

जेवण घरच्याच बाईंना सांगायचं आणि सकाळीच सांगायचं. 'बघू, संध्याकाळी सांगतो' असं केलंत तर उपाशी राहाल कारण आमच्याकडे माणसं मोजून भात टाकतात.

बाथरूमचं : स्टँडवरचं मी काही लिहीत नाही. सकाळी मुक्कामाच्या ठिकाणाहून निघताना आणि देवळांच्या भक्तनिवासांत सोय असते तिथे. दोन तासांपेक्षा मोठा टप्पा एका दमात नकोच.

टकळी :
वाचनखूण साठवली. एक शंका, मुरुडला जायचं असेल तर तिकीट कुठल्या मुरुडचं काढायचं? ऑनलाइन दोन दिसतात.

निवृत्त_वाहक :
मुरुड-जंजिरा रायगडात, अलिबागच्या खाली. दुसरं मुरुड दापोली तालुक्यात, हर्णैच्या शेजारी, महर्षी कर्व्यांचं. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे जलदुर्ग, त्यामुळे उतरल्यावरही पटकन कळत नाही. दापोलीच्या मुरुडला जायचं असेल तर सरळ दापोलीचं तिकीट काढा आणि तिथून आसूद-मुरुड-हर्णै करणारी गाडी पकडा.

घाटावरचा_पाव्हणा :
मांदेलीताई, मान्य, वाचायचं राहिलं. पण रेवस-रेडी सागरी महामार्ग झाला की हा सगळा धागा बाद होईल, पूल होतायत खाड्यांवर.

मांदेली :
अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून होतोय. बाणकोट खाडीच्या पुलाचे खांब बघायला या कधीतरी, वर्षानुवर्षं उभे आहेत. तोवर आम्ही फेरीबोटीने जातो.

अनिवासी_आंबा :
न्यू जर्सीहून वाचतोय आणि जीव जळतोय. विजयदुर्गला जाणार असाल तर किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे नक्की बघा, १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने तिथूनच हेलियमचा शोध लावला.

सदा_उशीर :
अवांतर आहे पण राहवत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात यान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रात गुंटूरला होता, त्याने हेलियमची ती पिवळी रेघ असलेला सूर्याचा वर्णपट बघितला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्याने ग्रहणाशिवायच ऑक्टोबरात तिकडूनच निरीक्षण केलं. ओटे बघा, किल्ला तर बघाच, तटबंदी अप्रतिम आहे, पण लॉकियरला विजयदुर्गची एसटी मिळालेली नव्हती.

अनिवासी_आंबा :
आम्हाला शाळेच्या सहलीत गाइडने सांगितलं होतं हो. असो. वाघोटण खाडीकडची बाजू बघा मग, ती तरी खरी आहे.

खिडकीची_जागा :
धागा वर काढतेय. जाऊन आलो! वृत्तांत टाकायचं कबूल केलं होतं, जमेल तसं लिहिते, फोटो नंतर.

मुंबईहून रात्रीची दापोली. उतरलो तेव्हा अंधार होता आणि थंडी चांगलीच, आमच्या डोक्यात कोकण म्हणजे घाम, स्वेटर बॅगेच्या तळाशी, फलाटावर बॅग उपसून काढले. हर्णैची गाडी लगेच लागली, दापोली-हर्णै फेऱ्या पुष्कळ आहेत. खोली मुरुडात घेतली आणि सामान टाकून आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. पायथ्यापासून पायऱ्यांनी चढलं की डावीकडे खाली सुवर्णदुर्ग दिसतो, तिथे नवरा इतका वेळ उभा राहिला की पुजारी विचारून गेले, बरं वाटत नाहीये का.

हर्णै बंदर संध्याकाळी. हे मात्र मी थोडं जास्त लिहिणार आहे. होड्या बाहेरच थांबतात, तिथून मासळी किनाऱ्यापर्यंत आणायला बैलगाड्या पाण्यात जातात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, वरून टोपल्या, आणि हाकणारा पोरगा गाडीच्या दांडीवर उभा राहून फोनवर बोलतोय. वाळूत ढीग लागतात आणि लिलाव सुरू होतो, तो इतका भराभर चालतो की आम्हाला एकही आकडा धड ऐकू आला नाही. पापलेटचा एक ढीग गेला तेव्हा नवऱ्याने विचारलं केवढ्याला गेला, तर शेजारची बाई म्हणाली, 'तुमाला घ्यायचाय का?' नाही म्हटलं. 'मंग कशाला इचारताय?' तिचा मुद्दा बरोबर होता. आम्ही पाव किलो कोळंबी किरकोळ घेतली, मुक्कामाच्या काकूंना दिली आणि रात्री ती नारळाच्या रसात समोर आली, करून द्यायचे त्यांनी शंभर रुपये घेतले.

पुढचा टप्पा दापोलीला परत, तिथून दाभोळ. निवृत्त_वाहक काकांनी सांगितलेलं तालुक्याचं गणित इथे पहिल्यांदा पटलं, हर्णैहून दाभोळला किनाऱ्याने जायचा नाद सोडला आणि दापोलीला येऊन गाडी बदलली, वेळ वाचला. दाभोळ स्टँडपासून जेट्टीपर्यंत चालत. वाटेत ती जुनी मशीद आहे, दगडी, कोरीव, एकेकाळी हे केवढं मोठं बंदर असेल ते तिच्याकडे बघून कळतं, आता समोर मासळीच्या जाळ्या वाळत घातलेल्या. फेरीबोटीला पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ. आधी मोटारसायकली चढतात, मग गाड्या, त्या एकमेकींना खेटून लावतात, आणि आपण कडेच्या पट्टीवरून वर जायचं. फळी वर ओढली की दहा मिनिटांत धोपावे. गाडीवाले बहुतेक गाडीतच बसून राहिले, काचा वर, एसी चालू. पाव्हणं, तुमची आठवण काढली.

धोपाव्याला उतरल्यावर गाडी नव्हती. दुपारचा एक वाजलेला, म्हणजे काकांच्या हिशोबाने शुकशुकाटाची वेळ. टपरीवर सरबत घेतलं, टपरीवाल्याने 'आता तीनशिवाय नाय' सांगितलं आणि मग स्वतःच कुणाला तरी फोन केला, गुहागरला सिलिंडर घेऊन जाणारा टेम्पो होता, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं बसलो. पैसे घेईना, शेवटी नवऱ्याने पोराला खाऊला म्हणून दिले.

गुहागर सुपारीची_बाग ताईंच्या हुकमाप्रमाणे दोन रात्री. ताई, तुमचं गाव. काय लिहू, दिवसभर काहीच केलं नाही. सकाळी समुद्र, मग घावणे आणि नारळाची चटणी, मग झोपाळा, मग कुळथाचं पिठलं-भात, मग झोप, मग समुद्र. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हेदवीला जाऊन दशभुज गणेश बघितला, बामणघळ बघायला भरतीची वेळ विचारून गेलो, भरती नसेल तर तिथे नुसती भेग आहे, भरती असेल तर पाणी त्या भेगेत घुसून असं वर उसळतं की सगळे एकदम मागे सरकतात.

तवसाळचा टप्पा सगळ्यात भारी. गुहागरहून तवसाळची गाडी, गाडीत आम्ही दोघं सोडून सगळे एकमेकांना ओळखणारे. कंडक्टरकडे औषधाची पिशवी दिलेली होती ती त्याने मधल्या एका फाट्यावर खाली उतरून एका आजोबांच्या हातात दिली, गोळी कधी घ्यायची तेही सांगितलं, आणि मग घंटी मारली. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही कारण मागे कुणीच नव्हतं. तिकिटाचं म्हणाल तर मशीनवर क्यूआर येतो पण खाडीच्या बाजूला रेंज जाते, सुट्टे पैसे ठेवाच. जेट्टीवरून जयगड. जयगडहून गणपतीपुळ्याला गाडी लगेच नव्हती तेव्हा किल्ला बघून घेतला, दीपगृह बाहेरूनच.

एक तक्रार लिहिते, नाव लिहीत नाही. गणपतीपुळ्याच्या जवळ एक खोली ऑनलाइन ठरवली होती, फोटोत खिडकीतून समुद्र. प्रत्यक्षात खिडकीतून दुसऱ्या लॉजची पाण्याची टाकी, समुद्र दीड किलोमीटरवर. विचारलं तर मालक म्हणे फोटो गच्चीवरून काढलाय. गच्चीला कुलूप. तर सुपारीची_बाग ताई म्हणतात तसंच, आगाऊ सगळे पैसे नका देऊ, आम्ही अर्धेच दिले होते म्हणून भांडायला तरी तोंड होतं. पुळ्यात देवळात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो, आम्ही दोन्ही दिवस तोच जेवलो, पहिल्या दिवशी श्रद्धेने आणि दुसऱ्या दिवशी बजेटने.

तिथून रत्नागिरी आरे-वारे मार्गे, या गाडीत उजवी खिडकी धरा, त्यासाठी माझ्या आयडीला जागा. वळण घेतलं की एकदम खाली अख्खा समुद्र. हातखंबा-निवळीवरून जाणारी गाडी लांबून जाते आणि समुद्र दाखवत नाही, बोर्ड वाचून चढा.

टकळी :
अहाहा. रत्नागिरी ते मालवण कसं केलंत? आणि खर्चाचा आकडा?

खिडकीची_जागा :
रत्नागिरीत आधी चौकशी करा, तिथे मुख्य स्टँड वेगळा आणि रहाटाघर वेगळा, आम्ही एकदा या टोकाहून त्या टोकाला बॅगा घेऊन चाललोय. थिबा पॅलेस बघितला, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला जाऊन आलो. पुढे मात्र किनारा धरायचा हट्ट सोडला आणि हायवेने जाणारी मालवण गाडी पकडली. पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड हा सगळा तुकडा राहिला. नवरा म्हणाला करूया, थोडी पळापळ होईल. मी म्हटलं पळापळ करायची तर मग घरचं ऑफिस काय वाईट होतं. त्यामुळे सदा_उशीर, साहेबाचे ओटे पुढच्या वेळी.

खर्च : मुंबई सोडून परत येईपर्यंतचं सगळं भाडं, फेरीबोटी आणि किरकोळ रिक्षा धरून दोघांत दोन हजाराच्या थोडं वर गेलं, त्यात मुंबई-दापोली आणि कुडाळहून परतीची रेल्वेही आली. राहणं-खाणं रोज दोन हजाराच्या आतबाहेर, मालवणात बाहेरच गेलं, पण तिथे सुरमईने माझी फसवणूक केली असं समजा. एका थाळीवर थांबायचं ठरलं होतं.

मांदेली :
मालवणात कोणी थाळीवर थांबत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ होतं की नाही? नसेल तर पैसे परत मागायचे. आणि देवबागची शेवटची गाडी चुकली तर रिक्षावालो तुमका सोडूचो नाय, हे लिहायला हवं होतं आधी.

खिडकीची_जागा :
तिरफळ होतं, भरपूर. देवबागची गाडी मिळाली. तारकर्लीला मधेच उतरलो आणि संध्याकाळी परत यायला तीच गाडी पकडली, कंडक्टरने ओळखून 'काय, पाणी थंड व्हता?' विचारलं. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळी लवकर धरा, अकरानंतर रांग आणि ऊन दोन्ही वाढतं.

सुपारीची_बाग :
घावणे कुणाकडे खाल्लेत ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्या मावशीकडे असतील तर तिला कळवायचंय.

घाटावरचा_पाव्हणा :
वाचला बरं का पूर्ण. बायको म्हणतेय पुढच्या वेळी गाडी घरी ठेवू. आता माझे प्रश्न. आईला घेऊन जायचंय, तिचं वय शहात्तर. तिचं तिकीट? आणि मालवणच्या पुढे वेंगुर्ला करून गोव्यात शिरायचं तर अर्धं तिकीट चालतं का?

निवृत्त_वाहक :
पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना तिकीट नाही, ऑगस्ट २०२२ पासून. शून्य रुपयांचं तिकीट मशीनमधून निघतं ते घ्यायचं, आणि आधार मूळ जवळ ठेवा, जन्मतारीख बघतात. पासष्ट ते पंच्याहत्तर असतं तर अर्धं लागलं असतं. आईंना दाराशी चढायला त्रास होतो का बघा, साध्या गाडीची पायरी उंच असते, ड्रायव्हरला सांगितलं की तो फलाटाला चिकटवून लावतो. जागा पुढच्या तीन-चार रांगांत धरा, मागे चाकावर बसवू नका, कोकणातल्या वळणांना पाठीचा भुगा होतो.

गोव्याचं. सवलत राज्याच्या हद्दीपुरती. सावंतवाडीहून पणजी गाडीत बसलात तर हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढचं पूर्ण, मशीन आपोआप हिशोब करतं, कंडक्टरशी वाद घालू नका. किनाऱ्यानेच जायचं असेल तर वेंगुर्ल्याहून शिरोडा-रेडी, तिथून रिक्षाने तेरेखोल. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या अलीकडे असला तरी गोव्याचा. समोर केरीला जायला गोवा सरकारची फेरीबोट आहे, पायी माणसाला पैसे पडत नाहीत. भरती-ओहोटीमुळे ती कधी कधी थांबते तेव्हा रेडीतच विचारून निघा. केरीहून पेडणे-म्हापशाकडे बस मिळते, पण आईंना घेऊन असाल तर ही उठबस नको, सावंतवाडीवरूनच जा.

घाटावरचा_पाव्हणा :
आईला विचारलं. ती म्हणते बोटीनेच जायचं.